बांधावरचं बांडगूळ

(जानेवारी १९९९. कुरुंदवाडजवळचं एक रान. दोन शेतांमधल्या बांधावर जुना आंबा. सकाळ.)

कृष्णात : आधी खाली उतरा. वर बसून बोलायचं न्हाय.

श्रुती : उतरते की. ही एवढी फांदी झाली म्हणजे झालं.

कृष्णात : फांदीला हात लावायचा न्हाय म्हणतोय न्हवं मी? कोर्टानं ‘जैसे थे’ म्हणून सांगितलंय. केस मिटंपतोर ह्या आंब्याचं पान आम्ही तोडायचं न्हाय आणि तुम्ही बी. ती ऑर्डर तुमच्याच आबांनी आणलीया.

श्रुती : आंब्याचं पान कुठं तोडलंय मी, कृष्णातदादा? पिशवी बघा. बांडगुळाच्या कळ्या आहेत.

कृष्णात : मग बांडगूळ काय हवेत लोंबतंय? आंब्यावरच हाय न्हवं?

श्रुती : आंब्यावर आहे, पण आंबा नाही.

कृष्णात : हे वकिलासारखं बोलू नका. आकारामकाका कोल्हापुरात बसून केस चालवत्यात, आणि पोरगीला सकाळच्या पारी झाडावर चढवत्यात, व्हय?

श्रुती : आबांना माहीतच नाही मी आलेय ते. पहिल्या एसटीनं आले. मी युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करतेय, बांडगुळांवरच. ह्या कळ्या सकाळी लवकर घ्याव्या लागतात. ऊन चढलं की आतलं काम उरकतं, मग मला काही दिसत नाही.

कृष्णात : बांडगुळावर पीएच.डी.? आणि सरकार पगार देतंय?

श्रुती : फेलोशिप देतंय.

कृष्णात : म्हंजी बांडगुळावर बांडगूळ.

श्रुती : कॉलेजात मला हे रोज ऐकावं लागायचं. तिथं कारण दुसरं होतं. सीट कुठल्या कोट्यातनं मिळाली, ह्यावरनं.

कृष्णात : ...तसं न्हाय म्हणालो मी.

श्रुती : माहीत आहे मला. बाटली धरा जरा. उलटी करू नका, ॲसिड आहे आत.

कृष्णात : ॲसिड? जाळतासा काय कळ्या?

श्रुती : जाळत नाही. आहे तिथं थांबवायच्या असतात. ॲसिड आणि स्पिरिटात टाकली की पेशी जशी असेल तशी थांबते. मग लॅबमध्ये कळी फोडायची, रंग द्यायचा, काचेवर चेपायची आणि सूक्ष्मदर्शकातनं बघायची. पेशीत धाग्यांसारखे तुकडे दिसतात. गुणसूत्रं म्हणतात त्यांना. आईबापाकडनं पोराकडं जे येतं ते त्यातनं येतं. ते मोजायचे.

कृष्णात : आणि मोजून?

श्रुती : प्रत्येक जातीचा आकडा ठरलेला असतो. आपल्याकडं रस्त्याकडेला, रानात जे बांडगूळ दिसतं त्याचे नऊ. कळंब्याच्या तळ्याकाठचं बघितलं, नऊ. जयसिंगपूरचं बघितलं, नऊ. गेल्या दिवाळीत पुतण्याच्या बारशाला आले होते तेव्हा ह्या झाडावरच्या चार कळ्या घेऊन गेले. बारा.

कृष्णात : तीन जास्त.

श्रुती : तीन जास्त म्हणजे जातच वेगळी. फुलं पण निराळी आहेत, नीट बघा. बारावालं आपल्या भागात घाटावरच आहे. राधानगरीच्या वर, दाजीपूरच्या दाट झाडीत. त्याला धो धो पाऊस लागतो. हितं नदीकाठाला ते असायलाच नको.

कृष्णात : पण हाय की. मी ल्हान असल्यापासनं हाय.

श्रुती : तेच कोडं आहे ना. दादा, हे सगळं एक घराणं आहे. त्यातली जुनी मंडळी बारावाली. ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, आपला देश सगळं एकाला एक लागून होतं, त्या काळापासनंचं हे घराणं. जमिनी फुटल्या, घराणं पांगलं. मग त्यातल्या एका फांदीत धागे एकमेकांत जुळले, काही गळाले, आणि बाराचे नऊ झाले. त्या नऊवाल्यांनी आफ्रिका व्यापली आणि आपलाही बराचसा मुलूख व्यापला. बारावाली उरली कुठं कुठं, कोपऱ्यात.

कृष्णात : वाटण्या झाल्या की कमीच हुतंय. आमच्या चुलत्यांचं बघा.

श्रुती : आमच्या सरांचं म्हणणं आहे, बारावालं घाट उतरून नदीच्या खोऱ्यानं खाली आलं असणार. फुलटोच्या म्हणून एवढासा पक्षी असतो. तो फळ खातो, बी चिकट असतं, ते फांदीला पुसून टाकतो. रुजतं तिथंच. असं टप्प्याटप्प्यानं हितंवर आलं असेल तर मोठी गोष्ट आहे. फेब्रुवारीत बंगलोरला परिषद आहे, तिथं मला ह्याच झाडावर बोलायला बोलावलंय. म्हणून अजून कळ्या पाहिजेत.

कृष्णात : बंगलोरला तुम्ही आमच्या झाडावर बोलणार?

श्रुती : आमच्या झाडावर.

कृष्णात : हे बगा, ते कोर्ट ठरवंल.

आक्का (कृष्णातची आई) : कृष्णा! कुणावर वरडतुयास रं? तिकडं म्हशी धार चोरायला लागल्यात. डेरीत दूध कवा घालायचं?

कृष्णात : हे बघ आक्का, आकारामकाकांची पोरगी. झाडावर चढलीया.

आक्का : शेवंताची व्हय? इकडं ये बाई, बघू. नाकावरनं वळाकलं असतं म्या. काय घेतीया ती?

श्रुती : बांडगुळाच्या कळ्या, काकू.

आक्का : घिऊ दे की मग.

कृष्णात : आक्का, केस हाय.

आक्का : केस आंब्याची हाय. बांडगुळावर कुणी केस केलीया? जा तू, दूध घालून ये.

कृष्णात : मी येतोय माघारी. तवर आवरा. आणि आंब्याचा एक डहाळा जरी मोडला असला तर...

आक्का : जा म्हणते न्हवं!

श्रुती : उपकार झाले काकू. थोड्याच घेते.

आक्का : घे, घे. काय सांगत हुतीस त्येला? हे घाटातलं हाय म्हणून?

श्रुती : हो. दाजीपूरकडचं.

आक्का : कशावरनं कळलं?

श्रुती : आतले धागे मोजून. तिथल्याचे बारा, ह्याचे पण बारा.

आक्का : आणि तुझं सर म्हंत्यात, पाखरानं आणलं?

श्रुती : तसा अंदाज आहे.

आक्का : पाखरानं न्हाय आणलं. शेवंतानं आणलं. तुझ्या आईनं.

श्रुती : आईनं?

आक्का : बस खाली. धोंड्यावर बस, भुईवर मुंग्या हाईत. तुझी आई त्या वरच्या अंगाची. लगीन हून आली तवा आमच्या रानात भांगलायला, तण काढायला यायची. मी बी नवीनच हुते. माझं पोट टिकत न्हवतं गं. दोन डाव गेलं. सासू म्हणायची, जमीन नापीक निघाली. एकदा उसाच्या कडंला मी रडत बसलेली तिनं बघितली. ती म्हणाली, आमच्याकडं बायकांस्नी बांडगुळाचं पान वाटून देत्यात, माझी आई देती. म्हटलं, बांडगूळ तर हितं बी हाय. तर न्हाय म्हणाली, ह्ये ते न्हवं.

श्रुती : ओळखलं होतं तिनं, वेगळं आहे म्हणून?

आक्का : पानावरनं, फुलावरनं आपलं. तिच्या आईनं दाखवलं तेवढंच. म्होरल्या उन्हाळ्यात माहेराला गेली, येताना फळं आणली, पळसाच्या पानात गुंडाळून. म्हणाली, वाळकं चालत न्हाय, हिरवंच लागतंय, मग दर खेपंला तिकडनं कोण आणणार? म्हणून दातानं साल काढून बी ह्या झाडाला चिकटवलं. चार ठिकाणी लावलं, दोन रुजलं. ते वाढूस्तोवर माझा तिसरा डाव बी गेला.

श्रुती : आणि मग?

आक्का : मग चौथ्या डावाला रोज पान वाटून दुधात द्यायची. वाटी हितं, बुंध्याच्या मागं ठेवायची. आपण तिकडं जाऊन खुरपत बसायची. मी यायची, पदराखाली धरून पियाची. सासूनं बघितलं असतं तर मला हिरीत ढकलली असती. तुमच्यातल्या बाईच्या हातचं पाणी चालत न्हवतं तवा आमच्या घरात, वाटीची तर गोष्टच सोड. कृष्णा झाला.

श्रुती : काकू, ते पानानं झालं का, हे मला सांगता यायचं नाही.

आक्का : मला तरी कुठं येतंय? मालकांनी वाडीला नवस बोललेला. त्येंनी गावजेवण घातलं, दत्ताच्या किरपेनं झाला म्हणून. नवस बी हुता, पान बी हुतं. देवानं ऐकलं का पानानं, कुणी बघितलंय? पर रोजच्या रोज वाटून तिनं दिलं. ते म्या बघितलंय.

श्रुती : आई आली होती जेवायला?

आक्का : तुमची माणसं असल्या पंगतीला येत न्हवती. भाईर बसवून वाढायचं, मग येतील कशाला? बरंच केलं. चार-सा दिवसांनी बांधावर आली, पोरगं बघितलं. हात न्हाय लावला. म्हणाली, नाक आक्कांचं हाय. आणि गेली.

श्रुती : कधी एका शब्दानं बोलली नाही आई.

आक्का : म्या शपथ घातलेली. मागनं मालकांनी बांधाची केस घातली, तवा मला वाटलं, आता बोलंल. न्हाय बोलली. मरूस्तोवर न्हाय बोलली. आणि आज तू आपली मोजून आलीस.

श्रुती : काकू, आता मला हे लिहावं लागेल.

आक्का : कुठं?

श्रुती : प्रबंधात. माणसानं आणून लावलंय हे कळल्यावर पक्ष्यानं आणलं असं मी कसं लिहू? तुमचं नाव नाही घालणार.

आक्का : नाव न घालता काय? बांध कुणाचा, झाड कुणाचं, सारं गाव जाणतंय. कुणासाठी लावलं म्हणून इचारतीलच. कृष्णाला चिडवतील, बांडगुळावर जलमला म्हणून. त्यो आपल्या बापावानी हाय, डोस्क्यानं गरम. मी हाय तवर न्हाय, बाई. मी गेल्यावर लिव काय लिवायचं ते.

श्रुती : काकू...

आक्का : शब्द दे.

श्रुती : ...दिला.

आक्का : कळ्या घिऊन जा. सांडू नगस.

\* \* \*

(कोल्हापूर. आकारामचं घर. काही दिवसांनी, संध्याकाळ.)

आकाराम : बंगलोरचं तिकीट काढलंस का? राजारामपुरीत त्या कोपऱ्यावरच्या ऑफिसात मिळतंय. उद्या जाऊन येतो मी.

श्रुती : नको आबा. जात नाही मी बंगलोरला.

आकाराम : का? गाडी रद्द झाली?

श्रुती : माझं बोलणं रद्द केलं. दुपारी सरांना सांगितलं.

आकाराम : हं. आणि?

श्रुती : कुरुंदवाडच्या झाडावरचं बांडगूळ पक्ष्यानं आणलेलं नाही. सर म्हणाले, कशावरनं? मी म्हटलं, सांगता येत नाही. ते म्हणाले, सांगता येत नसेल तर पुरावा नाही, पुरावा नसेल तर पक्ष्यानं आणलं असं लिही, त्यात खोटं काय? मी म्हटलं, मला माहीत असताना खोटंच की.

आकाराम : मग?

श्रुती : दार ढकलून गेले. ते प्रकरण सगळं काढून टाकायचं म्हणजे आणखी वर्षभर हिंडायला लागणार. घाटातल्या कळ्या परत गोळा करायच्या.

आकाराम : कुणी आणलं मग? पक्ष्यानं नाही तर?

श्रुती : आबा, आई कधी त्या झाडावर चढायची का?

आकाराम : आईनं लावलं, हे तुला कुणी सांगितलं?

श्रुती : मी कुठं असं म्हटलं?

आकाराम : मी एसटीच्या वर्कशॉपात जन्म काढला. इंजिनचा आवाज ऐकून सांगायचो काय बिघडलंय. तू तर माझी पोरगी आहेस. लावताना मी बघितलंय तिला. चांगल्या झाडाला कीड कशाला लावतीस म्हणून बोललो पण होतो. ती म्हणाली, असू द्या, माहेरचं आहे. मला वाटलं, माहेरची आठवण म्हणून लावली असंल. बायका तुळस आणतात, हिनं हे आणलं.

श्रुती : कुठल्या साली?

आकाराम : तुझा दादा प्रसेनजीत झाला नव्हता. पासष्ट, सहासष्ट. थांब. थांब जरा.

श्रुती : काय झालं?

आकाराम : मोजणीवाला म्हणतो झाड त्यांच्या हद्दीत. माझ्या बापानं लावलं म्हणून मी ओरडतोय, तर वकील म्हणतो पुरावा द्या, ताबा दाखवा. आता हा ताबाच की! सहासष्ट साली माझी बायको ह्या झाडावर चढते, बी लावते, पानं काढते, आणि कुणी हरकत घेत नाही. त्यांचं झाड असतं तर आमच्या बाईला चढू दिली असती का त्या काळात?

श्रुती : आबा...

आकाराम : तू लिही हे. प्रबंधात छाप. युनिव्हर्सिटीचा शिक्का बसला की कागद झाला. मी वकिलाला आजच...

श्रुती : मी काढून टाकतेय ते, सांगितलं ना.

आकाराम : का पण? खरं आहे ना?

श्रुती : खरं आहे.

आकाराम : तुला आणखी काहीतरी माहीत आहे. कुणासाठी लावलं ते माहीत आहे.

श्रुती : ते विचारू नका.

आकाराम : पलीकडच्या कुणीतरी सांगितलंय. कृष्णात सांगणार नाही, त्याला काय ठाऊक असणार. म्हातारी?

श्रुती : मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

आकाराम : नाही घेतलंस. म्हातारीला साक्षीला बोलावलं तर? शपथेवर ती खोटं बोलायची नाही. तशी बाई नाही ती.

श्रुती : म्हणूनच बोलवायचं नाही. भर कोर्टात, पोराच्या समोर तिला बोलायला लावणार तुम्ही?

आकाराम : त्यांच्या वकिलानं मला काय काय विचारलं, तू ऐकलंस ना? म्हणाला, तुम्हाला वतनाची जमीन सरकारनं परत दिली, आता झाडं पण पाहिजेत काय? भर कोर्टात. माझ्या वर्कशॉपातले दोघं आलेले, त्यांच्यासमोर. एक झाड आहे ते, श्रुती. आंबा पण काही गोड नाही. पण माझ्या बापानं कावडीनं पाणी घातलंय त्याला.

श्रुती : मला माहीत आहे आबा.

आकाराम : आणि तू म्हणतीस, गप्प बसा.

श्रुती : मी नाही म्हणत. तुम्हाला बोलवायचं तर बोलवा, तुमची केस आहे. मी फक्त माझं सांगितलं. मी शब्द दिलाय. आणि आईनं पण दिला होता. तिनं तर तुम्हालासुद्धा सांगितलं नाही.

आकाराम : बत्तीस वर्षं माझ्या शेजारी झोपली ती.

श्रुती : हं.

आकाराम : केसच्या तारखेला मला डबा बांधून द्यायची. आल्यावर विचारायची, काय झालं? मी सगळं सांगायचो. ऐकून घ्यायची, आणि म्हणायची, हात धुवा, वाढते. ...बंगलोरला परत बोलावतील का तुला?

श्रुती : ह्या विषयावर नाही बोलावणार.

आकाराम : सर नाराज राहिले तर?

श्रुती : राहतील थोडे दिवस. माणूस वाईट नाही. त्यांना पण ते झाड आवडलं होतं.

आकाराम : जरा चहा टाक. साखर बेतानं. ...वकिलाला मी उद्या सांगून येतो, साक्षीदार कोण मिळाला नाही म्हणून.

\* \* \*

(पाच वर्षांनी. कोल्हापूर. युनिव्हर्सिटीतली लॅब.)

कृष्णात : येऊ का आत? चप्पल काढू?

श्रुती : कृष्णातदादा? या, या. चप्पल असू दे. लॅब कशी सापडली?

कृष्णात : गेटवर इचारलं, बांडगुळाच्या म्याडम कुठं बसत्यात. लगेच सांगितलं. आता हितंच नोकरी लागली म्हणं तुम्हाला?

श्रुती : दोन हजार एकला प्रबंध झाला. थोडा उशिरानंच झाला. मग इथंच लागले. बसा ना. डोक्यावरचे केस... कोण गेलं?

कृष्णात : आक्का. म्हैना हुईल. थंडीतच गळाटली, मग उठलीच न्हाय.

श्रुती : मला कुणीच कळवलं नाही.

कृष्णात : केस झाल्यापासनं तुमच्याकडं कुणी कळवंल असं ऱ्हायलंय कुठं? आबा कसं हाइत?

श्रुती : बरे आहेत. हरल्यापासनं झोप लागते म्हणतात. तारखा नाहीत आता.

कृष्णात : मी जिंकलो, पर मला झोप लागत न्हाय. आक्कानं शेवटच्या आठवड्यात सगळं सांगितलं. बायकोला भाईर जा म्हणाली, दार लावून घेतलं आणि सांगितलं. वाटी, बुंधा, सगळं.

श्रुती : बरं झालं, सांगितलं.

कृष्णात : काय बरं झालं? तुम्हास्नी पाच वर्सं म्हाईत हुतं! मी कोर्टात तुमच्या आबांच्या तोंडासमोर म्हणालो की ह्या लोकांनी कधी त्या झाडाला हात लावलेला न्हाय. तुम्ही मागच्या बाकावर बसलेला. एक शब्द बोलला असता तर निकाल फिरला असता!

श्रुती : कदाचित. आमचा वकील काही फार हुशार नव्हता.

कृष्णात : चेष्टा करू नका.

श्रुती : नाही करत. त्या दिवशी मला राग आला होता तुमचा. घरी जाऊन भांडी आपटली. पण मी शब्द दिला होता, आणि तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही खोटं बोलत नव्हता, तुम्हाला तेवढंच माहीत होतं.

कृष्णात : निकालानंतर बांडगूळ काढायला माणसं आणलती मी. झाड वाळाय लागलंय, शेतकी ऑफिसवाला बी म्हणाला, काढून टाका. तर आक्का बुंध्याला पाठ लावून बसली. उठीना. मला वाटलं, म्हातारपणानं भ्रम झाला. माणसं माघारी धाडली, हजेरी देऊन. शिव्या दिल्या म्या तिला, म्याडम. त्या दिवशी.

श्रुती : तुम्हाला माहीत नव्हतं, दादा.

कृष्णात : तेच तेच काय म्हणताय! ...ते धागं हाईत का अजून? तुम्ही मोजलेलं?

श्रुती : त्या झाडावरचे? आहेत. थांबा. ही पेटी... ही काच. जपून हं, इथं डोळा लावा. एकच डोळा. हे चाक हळू फिरवा.

कृष्णात : नुसतं लाल दिसतंय.

श्रुती : अजून फिरवा. आता?

कृष्णात : आरं तिच्या... गांडुळं हाईत की.

श्रुती : तेच धागे, जोडीजोडीनं चिकटलेले. एक जोडी म्हणजे एक धरून मोजा.

कृष्णात : एक, दोन... ही दोन लागून हाईत... सात, आठ... अकरा. अकराच हाईत, म्याडम.

श्रुती : डावीकडं खाली बघा. एक दुसऱ्याच्या अंगाखाली आहे.

कृष्णात : ...हां. हाय. बारा. तुमच्या आईकडनं आलेली, ही.

श्रुती : तिच्या माहेरच्या झाडीतनं.

कृष्णात : आक्का म्हणाली, त्या पोरीला सांग, आता लिव म्हणावं. कशाला थांबलीस?

श्रुती : लिहीन. छोटंसं टिपण होईल. घाटातली जात नदीकाठाला कशी आली, तर माणसाच्या हातानं, औषधासाठी. एवढंच. मोठा काही शोध नाही राहिला आता.

कृष्णात : नाव घाला आक्काचं.

श्रुती : चालेल तुम्हाला? गावात वाचतील कोणी.

कृष्णात : वाचू देत. काय म्हणतील? बांडगुळावर जलमला? जलमलो की. उगंच झाकून काय करायचं?

श्रुती : आक्कांचं पाळण्यातलं नाव काय? मी लहानपणापासनं आक्काच ऐकलंय.

कृष्णात : चिमणाबाई. आणि तुमच्या आईचं घाला, शेवंताबाई. आधी त्यांचंच घाला.

श्रुती : घालते. चहा घेणार? कॅन्टीनमधनं मागवते.

कृष्णात : घेतो की. ...म्याडम, तुमच्या आईकडचं तिकडं कोण हाय का अजून? दाजीपूरच्या अंगाला?

श्रुती : मामा आहेत. गुंडूमामा. थकलेत आता. का?

कृष्णात : पत्ता लिवून द्या. आईतवारी गाडी घिऊन जाऊन येतो.

श्रुती : एवढ्या लांब? काय काम काढलं?

कृष्णात : काम न्हाय काय. आक्का गेल्याचं त्यांस्नी सांगायचं ऱ्हायलंय.